बुधवारची नोंद

वाक्य तसं साधंच होतं, आणि बाईंनी ते फळा पुसता पुसता, वर्गाकडे पाठ करूनच टाकलं होतं. "आणि हो, मुलानं पहिलं पाऊल आपल्यासमोर टाकलं की आपण गप्प बसतो. आईला घरी दिसू दे म्हणतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणी करत असतील. नोंदवहीत मात्र हे चालणार नाही. घडलं ते लिहायचं." वर्गात हसू पिकलं. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "बाई, आया आम्हांला फाडून खातील." दुसरी म्हणाली, "खाऊ दे की, तेवढा वेळ तरी पोरासमोर बसतील." पुन्हा हसू. ती मात्र हसली नाही. तिचं पेन 'घडलं' या शब्दापाशी थांबलं होतं आणि शाई कागदात थोडी पसरली होती. नऊ शनिवार ती या खोलीत येत होती. लहान मुलांच्या शाळेतले बुटके बाक, त्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या वीस बायका, सगळ्या घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या आणि सगळ्यांना आता सरकारचं प्रमाणपत्र हवं असलेल्या. हात वीस अंक मोजेपर्यंत धुवायचे. बाळाला पाठीवरच झोपवायचं. घशात काही अडकलं तर उलटं धरून दोन खांद्यांच्या मधे थापायचं. ही सगळी वाक्यं ती खाली मान घालून उतरवून घेत आली होती, आणि त्यांतलं एकही तिच्या अंगावर आलं नव्हतं. हे आलं. कारण पाच आठवड्यांपूर्वी तिची स्वतःची लेक पहिल्यांदा चालली होती, घरी, रविवारी, तिच्या डोळ्यांदेखत, आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी, लेकीला सांभाळणाऱ्या काकू दार लावता लावता म्हणाल्या होत्या, "या दोन दिवसांत पोरीकडे डोळ्यांत तेल घालून बघ हं." तिला वाटलं होतं, पडेबिडेल म्हणून सांगताहेत.

घरी जाताना ती एक चौक पुढे निघून गेली आणि परत फिरली. तो रविवार तिच्याजवळ घडी घालून ठेवल्यासारखा होता. कधीही उलगडावा, पुन्हा त्याच रेघांवर मिटावा. दुपारचं ऊन खाटेच्या पायाशी आलेलं. नवरा नुकताच डोकं धुऊन, टॉवेल मानेवर टाकून आडवा झालेला. लेक खाट धरून उभी होती. तिला घरात ठकी म्हणत. तिनं खाट सोडली आणि कपडे वाळत घालायच्या घोडीपर्यंत चार पावलं गेली, आणि तिथं लोंबणारा बापाचा पायमोजा पकडून उभी राहिली. बस्, एवढंच. पण ती स्वतः हातातली बादली तशीच धरून किती वेळ उभी होती कोण जाणे. नवरा म्हणाला होता, "अगं, बादली तर खाली ठेव, ती नाही चालत अजून." तिनं सासूला फोन लावला होता, कारण सासू दर आठवड्याला विचारायची, "चालली का गं? आमचा दहाव्या महिन्यात पळत होता." आता त्या रविवारच्या घडीत एक डाग दिसायला लागला. चार पावलं. पहिल्यांदा चालणारं पोर चार पावलं टाकतं? की ती चार शुक्रवारच्या दोनांवर आधारलेली होती, काकूंच्या घरच्या, कुणालाच न सांगितलेल्या?

ठकी काकूंकडे का, हा प्रश्न सासू फोनवर वेगळ्या शब्दांत विचारत असे. "लोकांची पोरं मांडीवर आणि आपलं पोर शेजारी. लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा परवाना काढलायस का?" आणि गंमत म्हणजे परवान्याचीच गोष्ट होती. तात्पुरत्या परवान्यावर दोन वर्षांखालची तीनच मुलं ठेवता येत, स्वतःचं मूल धरून. पक्कं प्रमाणपत्र मिळालं की चार. तिच्याकडे सात महिन्यांच्या जुळ्या बहिणी होत्या आणि चौदा महिन्यांचा एक धष्टपुष्ट मुलगा, ज्याला ती पैलवान म्हणे. ही झाली तीन. चौथी ठकी. तेव्हा रोज सकाळी साडेसातला ती स्वतःची लेक कडेवर घेऊन पलीकडच्या इमारतीत काकूंच्या दारात सोडायची, कारण एकच मूल सांभाळायला परवाना लागत नाही, आणि आठच्या आत घरी येऊन लोकांची लेकरं घ्यायला दार उघडायची. ठकी पहिला महिना रडली. मग रडायची थांबली. थांबली ते जास्त लागलं. लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा नवरा म्हणायचा, "माझं दिवसभर वर-खाली, तुझं बाहेर-आत. थोडे दिवस आहेत." थोडे दिवस म्हणजे दहावा शनिवार, आणि त्यानंतर एक सकाळ, ज्या सकाळी बाई घरी येऊन कोपऱ्यात बसतील, सगळं बघतील, वही वाचतील आणि सही करतील. ती सही झाली की ठकी घरात. तिनं त्या सकाळच्या पलीकडे काही बघितलंच नव्हतं. बाईंनी आज जाता जाता सांगितलं होतं, "तुमच्याकडे बुधवारी येते. दहावा वर्ग नंतर होईल, हरकत नाही."

रविवारभर तिनं काकूंना विचारायचं ठरवलं आणि सोमवारी सकाळी दारात उभी राहून नुसतंच म्हणाली, "आज नाक वाहतंय जरा." काकू म्हणाल्या, "वाहू दे. नाकच आहे, नळ नाही." त्यांनी ठकीला घेतलं. काकूंचे हात मोठे होते आणि ठकी त्यांत अशी शिरली, की जणू तिथं तिच्या मापाचा खळगा आधीच होता. ती जिना उतरताना मनाशी म्हणाली, विचारलं तर उत्तर मिळेल, हीच पंचाईत आहे.

आणि त्याच सोमवारी साडेदहाला पैलवानानं स्टूल सोडलं. ती जमिनीवर बसून एका जुळीच्या तोंडातून कागदाचा बोळा काढत होती. पैलवान दोन हात खांद्यांइतके वर उचलून, आधाराशिवाय, नुसता हवेत उभा. त्याचं तोंड उघडं होतं. उजवा गुडघा सैल पडताना तिला दिसला, एखाद्या दाराची कडी आतून निघावी तसा. आणि काय होतंय हे तिच्या डोक्यात पोचायच्या आधी तिचा हात त्याच्या पोटाभोवती गेला आणि पैलवान तिच्या मांडीवर होता. तो हसला. त्याला वाटलं, खेळ आहे. त्याची आई चष्म्याच्या दुकानात कामाला. दुकान गुरुवारी बंद. गुरुवारी तो दिवसभर आईजवळ. आज सोमवार. म्हणजे तीनच दिवस तर काढायचे. घडलं ते लिहायचं, बाई म्हणाल्या होत्या. पण घडलंच नाही तर? घडलं नाही, तर लिहायचं नाही, लपवायचंही नाही, खोटंही नाही. स्वतःच्या या हुशारीचं तिला इतकं समाधान वाटलं, की दुपारी भांडी घासताना ती गुणगुणत होती. शनिवारपासून आत टोचत असलेला काटा जणू तिनं दुसऱ्या कुणाच्या पायातून काढला होता. पैलवानाच्या आईच्या वाट्याला असा डाग यायला नको. तिचा गुरुवार कोरा करकरीत तिच्या हातात पडायला हवा.

मंगळवारी तिनं पैलवानाला सतरा वेळा बसवलं. मोजायचं नव्हतं, पण मोजायची सवय या वर्गानंच लावली होती. पहिल्याच महिन्यात तिनं वहीत लिहिलं होतं, 'बाळ आज खुशीत होतं', आणि बाईंनी त्यावर लाल रेघ मारून विचारलं होतं, "खुशी कुठं दिसली? किती वाजता?" दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. बाईंचं मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवणं आणि हे 'किती वाजता', यावरून वर्गानं त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलं होतं. तर सतरा वेळा. कधी मांडीवर घेऊन, कधी पुढ्यात डबा सरकवून, कधी नुसतंच "हे बघ काय" म्हणून. बाराव्या-तेराव्या खेपेला पैलवान हसेनासा झाला. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण दार समजून ढकलतोय ती भिंत आहे असं कळल्यावर माणूस बघतं तसं. हे वहीत कसं लिहिणार? दिसलं होतं की वाटलं होतं? तिनं लिहिलं, 'स्टूल धरून उभा राहिला. मांडीवर बसला.' दोन्ही वाक्यं खरी होती. संध्याकाळी त्याच्या आईनं, रोज घरी जाऊन सकाळी परत येणारी त्याची वही चाळली आणि बॅगेत टाकली, आणि पोराच्या पायाचा तळवा अंगठ्यानं उगीच दाबत राहिली. काही विचारावं असं तिच्या मनात असावं, पण मागून जुळ्यांची आजी जिना चढत आली आणि ते राहिलं.

बुधवारी बाई नऊला आल्या. चपला दाराच्या आत, घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर, वही गुडघ्यावर. "मी नाही असं समजा," म्हणाल्या, आणि वेताच्या खुर्चीत असं बसल्या की खुर्ची दिवसभर कुरकुरणार नाही. सगळं छान चाललं होतं. हात वीसपर्यंत धुतले गेले. एका जुळीचं दुपटं बदलताना दुसरी बाईंच्या पदरापाशी रांगत गेली, तेव्हा बाईंनी पाय वर घेतले, जणू जमीन पुसायची होती. तिला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. जुळ्या पाठीवर झोपल्या. खोलीत ऊन सरकत होतं. तिला वाटलं, झालंच. तिला तर साडेसातचा जिना आत्ताच जुना झाल्यासारखा वाटला. उद्या-परवा ठकी या सतरंजीवर असेल, पैलवानाशी डब्यावरून भांडत. आणि दहा चाळीसला पैलवानानं स्टूल सोडलं, गुडघा सैल केला, आणि तिचा हात, सोमवार-मंगळवारनं तयार केलेला हात, तिच्या आधीच निघाला आणि त्याला मांडीवर घेऊन बसला.

पेन कागदावर टेकल्याचा आवाज तिनं ऐकला.

"का बसवलंत?" बाईंनी विचारलं. आणि लगेच, पुढं केलेल्या पाटासारखं, त्यांनीच म्हटलं, "पडेल म्हणून?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पडेल म्हणून बसवलं, काळजी घेतली. त्यासाठी लाल रेघ आली नसती, कदाचित बरोबरची खूणही आली असती. ठकी घरात आली असती. तिच्या मांडीवर पैलवान धडपडत होता. चौदा महिन्यांचं ते वजन उठायला बघत होतं, आणि तिचा हात अजून त्याच्या पोटाभोवती होता. तिला एकाएकी आपलाच हात कुणा दुसरीचा असावा तसा दिसला. दिसला, वाटला नाही.

"नाही," ती म्हणाली. "चालला असता म्हणून."

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"सोमवारपासून चालायला बघतोय. उद्या त्याच्या आईला सुट्टी आहे. तिच्यासमोर चालावा म्हणून..."

"म्हणून तुम्ही त्याला तीन दिवस चालू दिलं नाहीत."

असं वाक्य तिनं मनात एकदाही केलं नव्हतं. तिच्या मनातल्या वाक्यात आई होती, गुरुवार होता, सुट्टी होती. त्यात चालणारा नव्हता.

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, बाई. आपलं सुचलं."

"सुचतं खरं," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा तिथं नसल्यासारख्या बसल्या. तिनं हात सोडला. पैलवान मांडीवरून उतरला, पण उठला नाही; बसून एक झाकण फिरवत राहिला, अगदी सराईतासारखा. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पोराची हौसच मोडली की काय, असं तिच्या मनात आलं. अकरा वीसला तो स्टुलापाशी गेला. उभा राहिला. एकदा तिच्याकडे बघितलं. तिनं दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले, फरशी गार लागली. त्यानं स्टूल सोडलं. डावा पाय आधी. मग उजवा, जरा बाहेर फेकून. मग डावा पुन्हा, आणि जीभ दातांत. आणखी एक अर्धवट, आणि तो उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर जाऊन आदळला, पण उभाच. त्यानं मागं वळून बघितलं नाही. पातेलं दोनदा वाजवलं आणि मग कुठल्याही कामाच्या माणसासारखा खाली बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते वहीचं काम नव्हतं. तिनं वही ओढली आणि लिहिलं: 'मुलगा, चौदा महिने. दहा चाळीस: स्टूल सोडून उभा राहिला. उजवा गुडघा वाकवला. मी त्याला बसवलं. सोमवारी आणि मंगळवारीही मी त्याला बसवलं, मंगळवारी सतरा वेळा. अकरा वीस: स्टुलापासून पातेल्यापर्यंत साडेतीन पावलं चालला. डावा पाय आधी. पडला नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "'मी' हा शब्द या वह्यांमधे मला सहसा सापडत नाही," त्या म्हणाल्या. मग घड्याळ मनगटावर चढवलं. "आज सही करत नाही. मला काही वाकडं बोलायचं नाही, पण करता येत नाही. तीन आठवड्यांनी येईन. वार सांगणार नाही." दारात त्यांना एकच चप्पल सापडली. दुसरी, केव्हातरी रांगत गेलेल्या जुळीनं ओढत नेऊन सोफ्याखाली ढकललेली, तिनं वाकून काढून दिली. "हे लिहू का?" तिनं विचारलं, आणि बाई पहिल्यांदाच हसल्या. पावलं जिन्यावर विरली. तीन आठवडे म्हणजे पंधरा सकाळी. तिनं मोजून टाकल्या आणि जुळ्यांचं दूध गरम करायला ठेवलं.

संध्याकाळी पैलवानाची आई आली. तिनं वही दारातच उघडली, आणि या वेळी चाळली नाही. वाचताना तिचे ओठ हलत होते. दुकानात लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावणारी बाई, ती स्वतः एकेक अक्षर वाचत होती. "सतरा वेळा," ती म्हणाली.

"हो."

"ताई, मी काल रात्रभर त्याच्या पायांचा विचार करत होते. शेजारणीचा याच्यापेक्षा महिन्यानं लहान, आणि तो चालतो. उद्याचा डॉक्टरांकडे नंबर लावलाय मी. सुट्टीचा दिवस त्यांच्या बाकड्यावर काढणार होते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी केलंत ना?"

"तुमच्यासाठीच. म्हणजे तसं वाटलं मला."

पैलवानाच्या आईनं वही मिटली, मग पुन्हा उघडली. ती जाईल असं वाटलं होतं, पण ती चपला काढून आत आली, सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "साडेतीन म्हणजे काय? अर्धं कसं पडतं?" मग हिनं सांगितलं. स्टूल कुठं होतं, पातेलं कुठं. उजवा पाय कसा बाहेर फेकला, जीभ कुठल्या बाजूला. हात कुठवर वर होते. पातेलं किती वेळा वाजलं. नऊ शनिवारांनी तिला डोळे दिले होते, आणि त्या डोळ्यांनी ठेवलेलं सगळं ती एकेक काढून समोरच्या बाईच्या ओंजळीत ठेवत गेली. "पुन्हा सांगा," आई म्हणाली. तिनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेला आईनं मधेच मान हलवली, जणू ते तिला आठवतच होतं. उठताना म्हणाली, "नंबर रद्द करायला हवा," आणि पोराला उचलता उचलता, "रागावलेय मी. उद्या नाही रागावणार, पण आज आहे."

"असू दे," ती म्हणाली.

काकूंच्या दारात त्या दिवशी ती अर्धा तास उशिरा पोचली. काकू टेबलावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या, ठकी खाली त्यांच्या पायाशी एकेक घडी मोडत होती. दोघींचा उद्योग मजेत चालला होता. "झाली का गं परीक्षा?" काकूंनी विचारलं.

"तीन आठवड्यांनी परत."

"नापास?" काकूंच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं आलं, आणि त्याच्या खालून काहीतरी दुसरंही चटकन येऊन गेलं. ते तिनं पाहिलं आणि त्याचा राग आला नाही. मोठ्या हातांना एवढा एकच खळगा होता. ती खुर्चीत बसली आणि शनिवारपासून अडकलेला प्रश्न शेवटी सोडला. "काकू, ठकी त्या रविवारी पहिल्यांदा चालली ना आमच्याकडे. त्याआधी तुमच्याकडे चालली होती?"

काकू घडी घालत राहिल्या. एक फ्रॉक, एक रुमाल. "नाही," त्या म्हणाल्या. "चालू दिली असती तर चालली असती. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारपासूनच बघत होती. शनिवार-रविवार सोडून आठ दिवस. उठली की मी घ्यायची मांडीवर. म्हटलं, हिच्या आईनं हिला रोज सकाळी रडत सोडलं, एवढं तरी तिचं तिला मिळू दे." मग जरा थांबून, "तू सासूबाईंचं सांगायचीस ना, चालली का म्हणून विचारतात ते. तेव्हा जीभ टाळ्याला चिकटायची माझी."

म्हणजे तो रविवार खरा होता. पहिला, अस्सल, तिचा. डाग नव्हता त्याला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्या चार पावलांमागं आता आठ दिवसांची ठकी उभी दिसत होती, गुडघा सैल करणारी, उचलली जाणारी, मान वळवून बघणारी. ती देणगी कुणाच्या पायातून काढून तिला मिळाली होती ते ती कालपासून स्वतःच्या हातांनी ओळखत होती. ती काकूंना काय म्हणणार? तिनं काकूंच्या हातातल्या चादरीची दोन टोकं धरली आणि दोघींनी ती ताणून, जवळ येऊन, घडी घातली आणि परत बसल्या. "मीही तेच केलं," ती म्हणाली. "त्या पैलवानाला. तीन दिवस. म्हणूनच परत परीक्षा."

काकूंनी ती घडी कडेला ठेवली. "बघ," त्या म्हणाल्या, "वर्गात न जाताच आपण किती शिकलेल्या."

ठकी उठली. तिनं मधली रिकामी खुर्ची धरली होती, ती सोडली. तिच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला आई, चार-चार पावलांवर. रोज या वेळी आई हात पसरून "ये" म्हणायची, आणि काकू मागून "जा, जा आईकडे" म्हणायच्या. आज दोघींनी बोलावलं नाही. काकूंनी हात कडेला घडीवर ठेवले. आईनं आपले मांडीवर. ठकीनं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, एका गोष्टीचा नीट विचार केला, आणि दोघींकडेही पाठ करून, हात पंखांसारखे धरून, अर्ध्या उघड्या स्वयंपाकघराच्या दारातून आत निघून गेली. काय होतं तिकडं, कुणास ठाऊक. दोघी उठल्या नाहीत. आतून एक झाकण पडल्याचा आवाज आला, मग ते गोल गोल फिरत थांबल्याचा, आणि मग, काही वेळानं, पुन्हा चालत्या पावलांचा.